टर्नटेबल नंतर, आधी सुई

माळ्यावरच्या रेकॉर्ड खाली उतरल्या, की नवं टर्नटेबल कोणतं घ्यायचं याचीच चर्चा सुरू होते. माझं मत विचाराल तर आधी सुई बघा. एलपीच्या सुईचं टोक साधारण 18 मायक्रॉन त्रिज्येचं असतं; लाखेच्या जुन्या 78 आरपीएम रेकॉर्डना सुमारे 75 मायक्रॉनचं लागतं. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकवते.

मग फोनो प्रीअँप. खर्जाच्या लाटा मोठ्या. जशाच्या तशा कोरल्या तर शेजारच्या खाचेत घुसतील. म्हणून कोरतानाच खर्ज दाबतात आणि वरचे सूर चढवतात. प्रीअँप हे सगळं उलटं करतो, शिवाय काही मिलिव्होल्टचा क्षीण संकेत वाढवतो. टर्नटेबल थेट साध्या ऑक्स इनपुटला जोडलंत, तर आवाज दबका येतो आणि तबल्यातला बायाँ जवळजवळ गायब! (काही टर्नटेबलांत प्रीअँप आतच असतो, ते पाहून घ्या.)

सुईचा भार बहुतेक कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम पुरतो. रेकॉर्ड झिजेल म्हणून तो फार कमी ठेवणं उलट घातक: सुई उड्या मारत खाचेच्या भिंतींवर आपटते.