१९११ चा इंग्लंड दौरा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९११ म्हटले की मोहन बागानने जिंकलेली फुटबॉलची आयएफए शील्ड आठवते; २९ जुलैला कोलकात्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट २-१ अशी हरली. त्याच उन्हाळ्यात आपला क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये होता. विंचूर-लासलगावकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांत जुन्या क्रिकेटच्या गप्पा रंगतात, पण या दौऱ्याविषयी ऐकीव माहितीच फार.

गैरसमज : भारतीय संघ इंग्लंडला पहिल्यांदा १९३२ मध्ये गेला.
वस्तुस्थिती : १९३२ मध्ये लॉर्ड्सवर आपली पहिली कसोटी झाली. पारशी संघ तर १८८६ आणि १८८८ मध्येच तिकडे खेळून आले होते. पारशी, हिंदू, मुस्लिम, शीख अशा सर्वांचा मिळून अखिल भारतीय संघ १९११ मध्ये गेला.

गैरसमज : दौरा साफ फसला.
वस्तुस्थिती : २३ पैकी १५ सामने गेले, हे खरे. पण ६ जिंकलेही. लीस्टरशायरविरुद्ध गोलंदाज पालवणकर बाळूंनी ११ गडी टिपले. सॉमरसेटविरुद्ध त्यांचा भाऊ शिवराम याच्या नाबाद शतकामुळे एक गडी राखून विजय मिळाला. पस्तिशीतल्या बाळूंनी त्या हंगामात डावखुऱ्या फिरकीवर ११४ बळी घेतले.

गैरसमज : बाळू या संघाचे कर्णधार होते.
वस्तुस्थिती : कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय अवघे १९. पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे समारंभ आणि मेजवान्या यांतच ते गुंतले. बरेच सामने संघ त्यांच्याविनाच खेळला.

गैरसमज : अंगी गुण असले की मैदानात जात आड येत नाही.
वस्तुस्थिती : बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. पुढे चार संघांच्या चौरंगी स्पर्धेतही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे रीतसर कधीच आले नाही. ते १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले आणि त्या वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली.

म्हणून १९११ ची गोष्ट मुलांना सांगाल तेव्हा नुसते पराभव मोजू नका. बाळूंचे ११४ बळी सांगा आणि त्यांना नाकारलेले कर्णधारपदही सांगा.