तोमिओकाचा फलाट

जानेवारी २०१४ मध्ये एको ओताके या नर्तकीने जपानमधील तोमिओका रेल्वे स्थानकावर नृत्य केले, तेव्हा गाव ओस पडलेले होते. फुकुशिमाच्या दाइइची अणुवीज केंद्रापासून हे स्थानक सुमारे दहा किलोमीटरवर. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीने स्थानकाची इमारत वाहून नेली, पाठोपाठ तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले आणि माणसांना घरेदारे सोडावी लागली. इतिहासाचे प्राध्यापक विल्यम जॉन्स्टन यांनी हे नृत्य कॅमेऱ्यात टिपले. ना रंगमंच, ना टाळ्या; होता तो फक्त फलाट आणि त्यावर अंग टाकून पडलेला, अतिशय संथपणे कूस बदलणारा एक देह. जुलैत दोघे परत आले, तेव्हा रुळांवर हिरवे रान माजले होते.

एकदा शिकल्यावर हात पोळी लाटायला विसरत नाहीत. मराठीत याला अंगवळणी पडणे म्हणतात. शरीराची स्मृती म्हणताना बहुतेकांना एवढेच अभिप्रेत असते. ओताके यांचा शोध त्यापलीकडचा आहे. दुसऱ्यांवर कोसळलेले संकट आपल्या अंगाला ठाऊक होऊ शकते का, हा त्यांचा प्रश्न. त्याची मुळे जुनी आहेत. १९५२ मध्ये टोकियोत जन्मलेल्या ओताके यांनी बुतो या जपानी नृत्यप्रकाराचे प्रवर्तक तात्सुमी हिजिकाता आणि काझुओ ओनो यांच्याकडे धडे घेतले. नागासाकीच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या लेखिका क्योको हायाशी यांच्या लेखनाचा इंग्रजी अनुवादही त्यांनी केला. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही. तो कळतो शरीरावर झालेल्या परिणामांतून. म्हणूनच या विषयाला नर्तकीचा देह हे माध्यम फार नेमके ठरते.

चार दशकांहून अधिक काळ ओताके पती कोमा यांच्यासोबत नाचल्या. एकल प्रयोग सुरू झाले ते २०१४ मध्ये. त्याच ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाच्या गजबजलेल्या रेल्वे स्थानकावर चार शुक्रवारी, दर वेळी तीन तास नाचल्या. एका उजाड स्थानकाची आठवण दुसऱ्या, वाहत्या स्थानकात आली. गाडी पकडायला धावणारे प्रवासी थबकत, काही वळसा घालून पुढे जात. संथपणा इथे शैलीपुरता नाही. घाईतल्या माणसाला थांबवण्याचे सामर्थ्य त्यातच आहे.

पुढेही त्या जॉन्स्टन यांच्यासह फुकुशिमाला जात राहिल्या. तोमिओकाला नवे स्थानक उभे राहिले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथवर गाड्या पुन्हा धावू लागल्या. छायाचित्रांतला फलाट आता छायाचित्रांतच आहे.

स्वतःच्या आठवणींकडे त्या वळल्या न्यूयॉर्कमध्ये. २००० साली वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये ओताके आणि कोमा यांना कामासाठी जागा मिळाली होती. तिथल्या दहशतवादी हल्ल्यानंतरच्या वर्षी, २००२ मध्ये, दोघांनी शहरातील उद्यानांत शोकनृत्य सादर केले. हल्ल्याला वीस वर्षे झाली त्या दिवशी, ११ सप्टेंबर २०२१ रोजी, मॅनहॅटनच्या बॅटरी पार्क सिटीत त्या उघड्यावर नाचल्या आणि हल्ल्याच्या दिवसाच्या आपल्या आठवणी बोलल्या. सोबत डेव्हिड क्राकावर यांची क्लॅरिनेट होती. प्रयोग दोनदा झाला, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.