चाकांचे मोठेपण

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने या वेळी एकच अट घातली, “डॉक्टर, आजारावर लिहू नका.” अट रास्त होती. वर्षभर चर्चासत्रांतून आपण तेच ऐकतो आणि तेच बोलतो. निदान स्मरणिकेने तरी आपल्याला स्टेथोस्कोप खाली ठेवू द्यावा. म्हणून माझ्या एका हौसेविषयी आणि तिने दिलेल्या धड्याविषयी लिहीत आहे. २०१८ सालच्या पावसाळ्यात आपल्या सभांना येणाऱ्यांना माझी गाडी आठवत असेल. ‘रणगाडा आला’ अशा शब्दांत जिचे स्वागत होत असे, त्या गाडीच्या चाकांची ही कथा.

मोह

बेळगावात राहणाऱ्यास दणकट गाडीचे वेड लागण्यास निमित्ते पुष्कळ. एका बाजूस जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा; दुसऱ्या बाजूस आंबोली. पावसाळ्यात या पट्ट्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो आणि तांबडी माती लोण्यासारखी होते. कणकुंबीच्या पलीकडील एका वाडीत मी महिन्यातून एका रविवारी रुग्ण तपासण्यास जात असे. डांबरी रस्ता संपल्यावर शेवटचे तीन किलोमीटर चिखलाचे. आधीच्या वर्षी तेथे माझी गाडी दोनदा रुतली आणि दोन्ही वेळा वाडीतल्या बैलांनी ती ओढून काढली. गाडी परदेशी बनावटीची, चारही चाकांना शक्ती पुरवणारी आलिशान एसयूव्ही. ओढणारे बैल मात्र वाडीचे! हा अपमान माझ्या मनात घर करून राहिला.

त्यातच एका मोठ्या शहरातील टायरवाल्याकडे खोल खाचांचे, काळेकभिन्न टायर पाहिले. “साहेब, हे बसवा, मग गाडी कुठंही अडणार नाही,” असे तो म्हणाला. किंमत भारी होती. परंतु मोहाला हिशेब कळत नाही. आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, “तीन किलोमीटरांसाठी एवढी चाके?” त्या प्रश्नाचे महत्त्व मला त्या वेळी कळले नाही.

बाजूवरची अक्षरे

टायरच्या बाजूवर लिहिलेली अक्षरे आपण सहसा वाचत नाही. वास्तविक ती एखाद्या केसपेपरइतकी बोलकी असतात. माझ्या मूळ टायरवर ‘२६५/६५ आर १७ ११२ एस’ असे लिहिले होते. २६५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल. १७ हा रिमचा इंचांतील व्यास. ११२ हा भारांक असून त्याचा अर्थ एक टायर १,१२० किलोंचा भार पेलू शकतो, आणि ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटरची वेगमर्यादा. शिवाय चार आकड्यांचा एक शिक्का असतो. त्यातील पहिले दोन आकडे उत्पादनाचा आठवडा आणि पुढील दोन वर्ष सांगतात. औषधाची मुदत पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तोही पाहावा.

मी बसवलेले टायर २८५/७० आर १७ मापाचे होते. रुंदी वीस मिलिमीटरने जास्त, बाजू सत्तावीस मिलिमीटरने उंच. मूळ टायरचा पूर्ण व्यास ७७६ मिलिमीटर, नव्याचा ८३१. म्हणजे वाढ सुमारे सात टक्क्यांची. ज्या लाभासाठी हा खटाटोप केला, ती जमिनीपासूनची उंची मात्र व्यासवाढीच्या निम्मीच, म्हणजे सत्तावीस मिलिमीटर मिळाली. हौशी लोक स्प्रिंगांखाली ठोकळे घालून गाडी उंच करतात; त्याने गाडीचा सांगाडा वर जातो, परंतु मागील अखंड ॲक्सल जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. तो उचलण्याचे सामर्थ्य मोठ्या टायरमध्येच असते, हे खरे. प्रश्न आहे तो त्या सत्तावीस मिलिमीटरांच्या मोबदल्याचा.

सात टक्क्यांचा हिशेब

पहिला फरक वेगमापकाचा. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठे झाले की प्रत्येक फेरीत गाडी अधिक अंतर कापते आणि वेगमापकास त्याची वार्ताही नसते. काटा ताशी ६० दाखवत असताना गाडी त्याच्या पूर्वीच्या साठापेक्षा चार किलोमीटरने अधिक धावत असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण बारावीला शिकलो होतो. त्या न्यायाने सात टक्के अधिक वेग म्हणजे सुमारे साडेचौदा टक्के अधिक ऊर्जा, आणि ती सारी ब्रेकनेच जिरवायची.

ब्रेक मात्र पूर्वीचेच. ब्रेकची पकड चकतीवर असते. जमिनीपर्यंत पोहोचणारा रोध त्या पकडीला चाकाच्या त्रिज्येने भागून मिळतो. त्रिज्या सात टक्क्यांनी वाढली की पायाच्या त्याच दाबाला मिळणारा रोध सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटतो. शिवाय दवाखान्यातल्या काट्यावर तोलून पाहिले तेव्हा नवा टायर जुन्यापेक्षा नऊ किलोंनी जड भरला. हे वजन चाकाच्या कडेला, केंद्रापासून दूर असते. त्यामुळे ते फिरवण्यास इंजिनाला आणि थांबवण्यास ब्रेकला अधिक कष्ट पडतात.

तिसरी गोष्ट नक्षीची. चिखलासाठी घडवलेल्या टायरच्या गठ्ठ्यांमध्ये रुंद मोकळी जागा असते. चिखल त्या जागेत शिरतो आणि चाक फिरताना बाहेर फेकला जातो. हाच त्यांचा गुण. परंतु ओल्या डांबरावर पकड देते ते रस्त्याला टेकलेले रबर आणि त्यावरील बारीक चिरा. जेथे रबराऐवजी मोकळी जागाच अधिक, तेथे पकड कमी. चिखलातला गुण डांबरावर दोष ठरतो.

बारीकसारीक तक्रारी सांगण्यात अर्थ नाही. पूर्ण वळण घेताना टायर मडगार्डच्या आतील अस्तराला घासू लागले. घाटात गिअर वारंवार बदलू लागले. मूळ मापाची स्टेपनी निरुपयोगी झाली. कारण चारही चाकांना सतत शक्ती देणाऱ्या गाडीत एकच चाक लहान असले की मधल्या डिफरेन्शिअलवर अखंड ताण येतो, आणि नवे चाक तर स्टेपनीच्या जागेत मावेना. आमच्या मेस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, चाकं तेवढी मोठी केलासा, पण बाकी गाडी तीच हाय न्हवं?” मी हसून विषय बदलला.

जांबोटीच्या अलीकडे

जुलै महिन्यातील तो रविवार. चिखलाचे तीन किलोमीटर गाडीने सहज पार केले. वाडीतली मुले टाळ्या वाजवत होती आणि मी बैलांकडे विजयी मुद्रेने पाहिले. रुग्ण तपासून दुपारी परतीस लागलो. जांबोटी मागे टाकल्यावर पावसाची सर आली. वेगमापकावर साठ. एका वळणानंतर घोंगडी पांघरलेले एक म्हातारबाबा दोन म्हशी आणि एक रेडकू घेऊन रस्ता ओलांडताना दिसले. मी ब्रेक दाबला. त्या रस्त्यावर मी वर्षानुवर्षे गाडी चालवली होती. कोठे ब्रेक दाबला की गाडी कोठे थांबेल, हे माझ्या पायाला पाठ होते. त्या दिवशी गाडी त्या जागी थांबली नाही. ती आणखी पुढे घसरत गेली. म्हशी पार झाल्या होत्या. बाबांनी रेडकाला ढकलले आणि स्वतः मागे उडी घेतली. गाडीचा त्यांना स्पर्शही झाला नाही. परंतु ते रस्त्याकडेच्या दगडांवर हात टेकून पडले.

डावे मनगट मोडले होते. पाहताक्षणीच ते कळले. मी त्यांना त्याच गाडीतून बेळगावास आणले. आपल्याच संस्थेतील एका अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने हाड बसवून प्लॅस्टर घातले. पोलिसांना मी स्वतः कळवले. बाबांनी तक्रार केली नाही. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडले, “रेडकू ऱ्हायलं काय हो?” सहा आठवडे त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता, आणि ते सहा आठवडे भाताच्या लावणीचे व भांगलणीचे होते. प्लॅस्टरचा खर्च मी केला. त्या हंगामाची भरपाई मला कशी करता येणार?

जुनी चाके असती तर गाडी अलीकडे थांबली असती काय? हे मला सिद्ध करता येणार नाही. एका प्रसंगावरून कार्यकारणभाव मांडू नये, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु वरील हिशेब मी त्या रात्री प्रथमच कागदावर मांडला, आणि प्रत्येक आकडा एकाच दिशेला बोट दाखवत होता. शस्त्रक्रियेपूर्वी करावयाची तपासणी मी शस्त्रक्रियेनंतर केली होती.

मोठी चाके शोभतात कोठे

याचा अर्थ मोठे टायर मुळातच वाईट, असा नव्हे. आइसलँडमध्ये हिमनद्यांवरून गाड्या नेण्याची परंपरा आहे. तेथील ‘आर्क्टिक ट्रक्स’ ही संस्था १९९० पासून टोयोटाच्या गाड्यांना प्रचंड टायर बसवण्यासाठी ख्यात आहे. २००७ साली बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमातील मंडळी, उत्तर चुंबकीय ध्रुवाचे १९९६ साली नोंदलेले स्थान गाठण्यास निघाली, तेव्हा त्यांची हायलक्स याच संस्थेने ३८ इंची टायर बसवून सज्ज केली होती. अशा टायरमधील हवा अगदी दोन-तीन पौंडांपर्यंत उतरवली की ते पसरतात आणि गाडी बर्फात न रुतता त्यावरून चालते. परंतु तेथे टायरबरोबर मडगार्ड कापले जातात, डिफरेन्शिअलचे दात बदलले जातात, सस्पेन्शन नव्याने बांधले जाते. मर्सिडीजने २०१५ साली जी-क्लासची ‘फोर बाय फोर स्क्वेअर्ड’ ही गाडी आणली. जमिनीपासून ४५० मिलिमीटर उंची मिळवण्यासाठी त्यांनी नुसते टायर मोठे केले नाहीत; ॲक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर घेऊन चाकाजवळ स्वतंत्र गिअर बसवले. चाक बदलणारा सारी गाडी बदलतो, असा याचा अर्थ. आमच्या मेस्त्रींनी तो एका वाक्यात सांगितला होता.

मग करावे काय

त्या वर्षी गणेशचतुर्थीपूर्वी मी मोठे टायर उतरवले. त्यांच्या जागी मूळ मापाचेच, परंतु डांबर आणि कच्चा रस्ता या दोहोंसाठी घडवलेल्या मध्यम नक्षीचे टायर बसवले. भारांक आणि वेगमर्यादा मूळ टायरपेक्षा कमी नाही, हे पाहून घेतले. चिखल सुरू होण्यापूर्वी मी टायरमधील हवा वीस पौंडांपर्यंत उतरवतो. त्यामुळे टायर जमिनीला अधिक लांबवर टेकतो आणि रुतण्याचे प्रमाण कमी होते. त्या अवस्थेत गाडी अगदी हळू चालवतो आणि डांबर लागताच छोट्या पंपाने हवा पूर्ववत भरतो. हवा उतरवण्यास पाच मिनिटे, भरण्यास वीस. पंपाची किंमत त्या एका टायरच्या किमतीहून कितीतरी कमी.

आजकाल आलिशान गाड्यांना वीस-बावीस इंची रिम आणि पट्टीसारखे पातळ टायर येतात. ज्यांना कच्च्या रस्त्यावर जावे लागते त्यांनी, ब्रेकचे भाग आत मावत असतील आणि उत्पादकाची मान्यता असेल, तर लहान रिम व उंच बाजूचा टायर घ्यावा. २६५/६० आर १८ आणि २६५/६५ आर १७ यांचा पूर्ण व्यास जवळजवळ सारखाच. दुसऱ्यात मात्र खड्ड्याचा धक्का सोसणारे रबर तेरा मिलिमीटरने अधिक. वेगमापक आणि ब्रेक, दोघांचेही गणित बिघडत नाही.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केले. उत्पादकाने मान्य केलेली मापे गाडीच्या पुस्तिकेत असतात. त्याबाहेर गेल्यास अपघातानंतर विमा कंपनीने प्रश्न विचारल्यास आपल्यापाशी उत्तर नसते.

म्हातारबाबांचे मनगट जुळले; थोडा वाक मात्र राहिला. वाडीला जाताना मी त्यांच्या अंगणात थांबतो. पुढल्या पावसाळ्यात गाडी पुन्हा एकदा रुतली. बैल आले, दोर बांधला गेला, गाडी निघाली. बाबा पडवीत बसून पाहत होते. “चाकं बदललासा काय, डॉक्टर?” त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. “बरं झालं,” ते म्हणाले, “बैल हाईत की आमचे.”