तोंडातील कफ काढताना
दिंद्रुड परिसरातील कुटुंबे ऊसतोडणीला गेली की लकवा झालेल्या आजीआजोबांची सेवा मागे राहिलेल्यांवर येते. गिळता येत नसेल तर लाळ श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून सक्शन यंत्र वापरायला मी घरच्यांना असे शिकवते :

हात साबणाने धुऊन हातमोजे घाला. रुग्णाला आधी सांगा. डोके उंच करून मान एका बाजूला वळवा. नळी गालाच्या आतून सरकवा. घशात खोल घातल्यास उलटी होते. नळी बाहेर घेतानाच कफ ओढा, १० सेकंदांत थांबा आणि श्वास घेऊ द्या. शेवटी नळीतून स्वच्छ पाणी ओढा. ओठ निळे पडले तर लगेच थांबून १०८ ला फोन करा.

वीज गेली की यंत्र बंद पडते. अशा घरी पायाने चालणारा पंप ही मोठीच मदत आहे.