चवदार तळ्याने राष्ट्र फोडले की जोडले?
बिरवाडीहून महाडच्या बाजाराला जाणाऱ्याला चवदार तळे नवे नाही, पण त्याविषयीचा एक जुना समज अजून ऐकू येतो: समाजसुधारणेने स्वातंत्र्यलढ्यात फूट पाडली, आणि महाडचा सत्याग्रह म्हणजे इंग्रजांच्या आडोशाने केलेली कायदेमोड. वस्तुस्थिती उलट आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात आणला सीताराम केशव बोले यांनी; १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक ते पाणी प्याले, तेव्हा त्यांनी मिळालेला हक्क फक्त बजावला. वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवून परतणाऱ्यांना मारहाण झाली. मग तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तर कोर्टाचा मनाईहुकूम आला आणि कलेक्टरनेही थांबायलाच सांगितले. इंग्रजांचा आडोसा तो हाच का? हायकोर्टात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

तरी एक आक्षेप वजनदार आहे. परक्या सत्तेशी झुंजताना घरातला वाद काढला तर माणसे दुरावतील, अशी टिळकपक्षाची भीती होती. म्हणूनच १८९५ मध्ये पुण्यात समाजसुधारकांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळाला नाही. भीती खोटी नव्हती. पण दुरावलेले आधीच होते. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्येच ‘विटाळ विध्वंसन’ लिहून सवर्णांना जाब विचारला होता. ज्यांना गावचे पाणी नाही, त्यांनी देश आपला कशाच्या बळावर म्हणावा? महाडने याला कृतीने उत्तर दिले. सवर्ण समाजातले सुरबा टिपणीस आणि अनंतराव चित्रे सोबत होते, डिसेंबरच्या परिषदेला जागा फत्तेखान यांनी दिली, मनुस्मृतिदहनाचा ठराव जन्माने ब्राह्मण असलेल्या सहस्रबुद्ध्यांनी मांडला. ही फूट नव्हे. जात ओलांडून एकत्र येण्याची इतकी रोखठोक उदाहरणे त्या काळच्या राजकीय सभांतही थोडीच सापडतील. त्या परिषदेत आंबेडकरांनी दाखला दिला तो १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा, कारण त्यांना पाण्यापलीकडे समतेवर उभा समाज हवा होता. पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात समान हक्काच्या जागा नमूद झाल्या, त्यांत विहिरी, तळी आणि स्नानघाट नावानिशी आले.