सेकंदाला वीस टिक: फुकट क्लाउडवरील खेळाचा सर्व्हर

माइनक्राफ्ट हा खेळ अनेक जण मिळून खेळतात, तेव्हा त्यातील जग कोणाही एका खेळाडूच्या संगणकात नसून सर्व्हर नावाच्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये नांदत असते आणि खेळाडूंचे संगणक त्या जगाचे चित्र तेवढे रंगवतात. हा सर्व्हर सेकंदाला 20 वेळा, म्हणजे दर 50 मिलिसेकंदांनी, खेळाडूंच्या आसपासच्या जगाचा हिशेब नव्याने मांडतो. या एका फेरीस ‘टिक’ म्हणतात. कोणता प्राणी कुठे सरकला, कोणी कोणता ठोकळा फोडला, हे सारे तेवढ्या अवधीत ठरावे लागते. हिशेब दोन सेकंदांहून अधिक मागे पडला, की सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ‘कान्ट कीप अप’ असा इशारा उमटतो आणि खेळणाऱ्याला मात्र नुकताच फोडलेला ठोकळा पुन्हा जागेवर आलेला दिसतो.

असा सर्व्हर क्लाउडवर फुकटही चालवता येतो. क्लाउड म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधील संगणकांचा काही वाटा इंटरनेटवरून वापरावयास मिळणे. हेरोकू या क्लाउड कंपनीने 2022 मध्ये बंद केलेली फुकट योजना वेबसाइटसाठी उत्तम होती. परंतु तिच्यातील प्रोग्रॅम अर्धा तास कोणी न फिरकल्यास झोपी जात असे आणि पुन्हा सुरू होताना डिस्कवर लिहिलेले सारे पुसले जाई, म्हणजे तेथे बांधलेला किल्ला दुसऱ्या दिवशी उरलाच नसता. खेळाला खरी गरज असते ती सतत जागणाऱ्या यंत्राची आणि टिकणाऱ्या डिस्कची.

ती गरज आभासी यंत्र, म्हणजे एका मोठ्या संगणकातून सॉफ्टवेअरने वेगळा काढलेला संगणक, भागवू शकते. ओरॅकल कंपनीने आपल्या क्लाउडवर 2021 मध्ये असे 4 कोर व 24 गिगाबाइट मेमरीपर्यंतचे सामर्थ्य फुकट देऊ केले, आणि एवढे औदार्य खरोखर दुर्मीळ आहे. मात्र खाते उघडताना निवडलेला प्रदेश, म्हणजे डेटा सेंटरचे ठिकाण, नंतर बदलता येत नाही, म्हणून ही निवड मेमरीच्या आकड्यांहून महत्त्वाची मानावी. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जात असल्याने मुंबईहून अमेरिकेतील व्हर्जिनियाला जाऊन परतणाऱ्या संदेशास किमान सुमारे 130 मिलिसेकंद, म्हणजे अडीच टिकांहून अधिक काळ लागतोच, आणि तो कोणत्याही प्रोसेसरला भरून काढता येत नाही. मुंबईतच असलेले डेटा सेंटर निवडल्यास हा भुर्दंड टळतो.

यंत्र सुरू झाले तरी 25565 हा पोर्ट, म्हणजे संदेश आत येण्याचा क्रमांकित मार्ग, क्लाउडच्या नियमांत आणि यंत्राच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नको ते संदेश अडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, असा दोन्हीकडे खुला करावा लागतो. शिवाय सात दिवस जवळजवळ निष्क्रिय राहिलेले फुकट यंत्र कंपनी परत घेऊ शकते. त्यामुळे जगाच्या फोल्डरची प्रत नियमितपणे अन्यत्र ठेवणे अगत्याचे असते. प्रत घेण्यापूर्वी ‘सेव्ह-ऑफ’ आज्ञेने आपोआप होणारे लेखन थांबवून, ‘सेव्ह-ऑल’ने मेमरीतील बदल डिस्कवर उतरवून, प्रत पूर्ण झाल्यावर ‘सेव्ह-ऑन’ दिले, म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल प्रतीत जात नाही.