पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन व थायरॉईड तपासण्या : अहवाल कसा वाचावा?

उत्साह नाही, कामेच्छा मंदावली, वजन वाढते आहे, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या चाळिशीतील पुरुषाच्या हाती आजकाल प्रयोगशाळेचा अहवालही असतो. टेस्टोस्टेरॉनचा आकडा कमी असतो आणि ‘तो वाढविण्याचे औषध द्या’ अशी त्याची मागणी असते. शुक्रक्षय वा क्लैब्य समजून लगेच वाजीकरण योजण्यापूर्वी तो आकडा विश्वसनीय आहे काय आणि तो कशामुळे उतरला, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

रक्त केव्हा घ्यावे?
टेस्टोस्टेरॉनची पातळी पहाटे व सकाळी सर्वाधिक असते आणि दिवस चढेल तशी उतरते; भोजनानंतरही ती घटते. म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी घ्यावे. ज्वर वा तीव्र आजार असताना ही तपासणी करू नये. एका अहवालावर निदान न करता दुसऱ्या दिवशीच्या नमुन्याने खात्री करावी. साधारणतः ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही खालची मर्यादा मानली जाते. अहवाल नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असल्यास त्यास २८.८ ने गुणावे. लक्षणे नसताना केवळ आकडा कमी असणे म्हणजे व्याधी नव्हे.

एकूण आणि मुक्त टेस्टोस्टेरॉन
रक्तातील बहुतांश टेस्टोस्टेरॉन एस.एच.बी.जी. व अल्ब्युमिन या प्रथिनांशी बांधलेले असते. मुक्त भाग सुमारे दोन-तीन टक्केच. स्थौल्य, मधुमेह व थायरॉईडची मंदता यांत एस.एच.बी.जी. घटते, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसला तरी मुक्त भाग पुरेसा असू शकतो. उलट वार्धक्य, यकृत्‌विकार व थायरॉईडची अतिक्रियता यांत ते वाढते आणि एकूण आकडा फसवा दिलासा देतो. सीमारेषेवरील रुग्णांत एस.एच.बी.जी. मोजून मुक्त टेस्टोस्टेरॉन गणिताने काढणे श्रेयस्कर.

बिघाड कोठे?
पातळी खरोखर कमी ठरल्यास एल.एच. व एफ.एस.एच. पाहावे. ही दोन्ही वाढलेली असतील तर बिघाड वृषणात आहे. गालगुंडानंतरचा वृषणशोथ, क्लाइनफेल्टर विकृती ही त्याची उदाहरणे. ती कमी किंवा ‘नॉर्मल’ असतील तर बिघाड वर, पीयूषिका ग्रंथीत वा तिच्यावरील नियंत्रणात आहे, असे समजावे. येथे ‘नॉर्मल’ शब्दाने फसू नये. टेस्टोस्टेरॉन कमी असता एल.एच. वाढावयास हवे होते. अशा वेळी प्रोलॅक्टिन तपासावे. ते बरेच वाढलेले असून डोकेदुखी वा दृष्टिदोष असेल तर पीयूषिकेतील अर्बुदाची शंका घेऊन रुग्णास विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे.

थायरॉईडचा संबंध
थायरॉईड मंदावल्यास मेंदूतील टी.आर.एच. वाढते, ते प्रोलॅक्टिन वाढविते आणि प्रोलॅक्टिन एल.एच.ला दाबते. म्हणजे तक्रार शुक्राची, पण मूळ थायरॉईडमध्ये! थायरॉईड सुधारताच अनेकांचे टेस्टोस्टेरॉनही सावरते. मात्र केवळ टी.एस.एच.वर विसंबू नये. पीयूषिकाच दुर्बल असल्यास टी.एस.एच. नॉर्मल व फ्री टी-४ कमी, असे चित्र दिसते. अशा रुग्णात सकाळचे कॉर्टिसॉल पाहिल्यावाचून थायरॉक्सिन सुरू होणे जीवघेणे ठरू शकते.

औषधांचा प्रभाव
केसांसाठी घेतलेले अधिक मात्रेतील बायोटिन काही यंत्रांवर टी.एस.एच. खोटे कमी आणि फ्री टी-४ व टेस्टोस्टेरॉन खोटे जास्त दाखविते. ते किमान दोन दिवस आधी बंद ठेवावे. अश्वगंधेच्या सेवनानंतर थायरॉईड संप्रेरके वाढल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. तेव्हा अहवाल वाचताना रुग्ण ती घेतो काय, हे विचारावे. शंखभस्म, शौक्तिकभस्म यांतील कॅल्शियम आणि लोहकल्पांतील लोह थायरॉक्सिनचे शोषण रोखतात. त्यांत चार तासांचे अंतर असावे. ही सूचना औषधविक्रेत्या बंधूंनी रुग्णास आवर्जून द्यावी.

आणखी एक गोष्ट. बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन एल.एच. व एफ.एस.एच. दाबून शुक्राणूनिर्मिती थांबवू शकते. अपत्याची इच्छा असलेल्या तरुणाने व्यायामशाळेतून मिळालेली इंजेक्शने घेतली तर तो अजाणता आपलेच नुकसान करतो. म्हणून तरुणाच्या अहवालात एल.एच. व एफ.एस.एच. अगदीच तळाला दिसल्यास असा इतिहास एकांतात, दोष न देता विचारावा.

सारांश, दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांच्या जोडीला हा अहवाल ठेवावा, त्यांच्या जागी नव्हे. स्थौल्य, निद्रानाश, मद्यपान व दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे ही निदाने प्रश्नांतूनच कळतात. आणि निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा होय.